निवृत्तीची शिल्लक आणि देणगी : एक अभ्यासपाठ

गेल्या आषाढात एका रविवारी उपासना आटोपून आम्ही मंदिराच्या पायरीवर उभे असता एक वृद्ध बंधू जवळ आले. साखर कारखान्याच्या बॉयलरवर त्यांनी एकतीस वर्षे काम केले होते, आणि त्याच महिन्यात ते निवृत्त झाले होते. पिशवीतून घडी केलेला एक कागद काढून ते म्हणाले, “पाळकसाहेब, प्रॉव्हिडंट फंडाचे नऊ लाख हाती आले आहेत. त्यांतले पाच लाख दवाखान्याला द्यावे असे मनात आहे. माझी थोरली बहीण तेथेच मरता मरता वाचली. आपण प्रार्थना करून ह्या कागदावर साक्ष घालावी.” आम्ही कागद वाचला. त्यात त्यांच्या पत्नीचे नाव कोठेही नव्हते. त्या बाई दहा पावलांवर, छत्री मिटून, खाली पाहत उभ्या होत्या.

आम्ही त्या दिवशी साक्ष घातली नाही. काकांस त्याचे वाईट वाटले, आणि दान द्यावयास निघालेल्या मनुष्यास पाळकाने अडवावे हे पाहून मंडळीतील दोघातिघांसही नवल वाटले. यास्तव ह्या विषयाचा नीट अभ्यास करून तो वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमच्या खेड्यापाड्यांतील कित्येक बंधुभगिनी आता कारखान्यांतून, दवाखान्यांतून व शाळांतून निवृत्त होऊ लागल्या आहेत. ज्यांच्या आजोबांनी एका वेळी शंभर रुपये पाहिले नव्हते त्यांच्या हाती एके दिवशी लाखांची रक्कम येते, आणि तिचे काय करावे हे सांगणारा जुना रिवाज घरात नसतो.

प्रथम ही रक्कम कशी साठते ते पाहू. प्रॉव्हिडंट फंडासाठी कामगाराच्या पगारातून सामान्यतः शेकडा १२ कापून घेतात आणि मालकही तितकेच घालतो. पण मालकाच्या बारांपैकी ८.३३ हे १९९५ सालच्या पेन्शन योजनेकडे जातात, आणि त्यास पगाराची मर्यादा आहे. उरलेले मात्र फंडात पडतात. त्यावर दरवर्षी सरकारने ठरविलेले व्याज चढते. २०२४-२५ सालासाठी ते शेकडा ८.२५ होते. म्हणजे ज्यास आपण एक रक्कम म्हणतो ती वास्तविक तीनशे-चारशे महिन्यांच्या लहान लहान वजावटींची रास होय. ह्या वजावटी कोणाच्या ताटातून झाल्या? एकट्या कामगाराच्या नव्हे. ज्या महिन्यात पगार कमी हाती आला त्या महिन्यात तेल कमी आणणारी, मुलाचा सदरा उसवून पुन्हा शिवणारी, स्वतःचे दुखणे अंगावर काढणारी जी घरी होती तिचाही त्यात भाग आहे. खात्यावर नाव एकाचे असते एवढेच.

अशा फंडांचा उगमच मुळी विधवांच्या काळजीतून झाला हे कित्येकांस ठाऊक नसेल. १७४४ साली स्कॉटलंडातील चर्चच्या पाळकांनी आपल्या विधवांसाठी व अनाथ मुलांसाठी एक निधी स्थापिला. रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेबस्टर ह्या दोन पाळकांनी दरसाल किती पाळक मरतील, मागे किती विधवा राहतील, त्या किती वर्षे जगतील ह्याचा हिशेब मांडला, आणि कॉलिन मॅक्लॉरिन ह्या गणितीने त्यास साहाय्य केले. वीस वर्षांनी निधीत किती रक्कम असेल ह्याचा त्यांनी केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष जमलेली रक्कम ह्यांत अगदीच थोडे अंतर पडले. उपदेश करणाऱ्यांनी गणितही करावे, हे त्या दोघा पाळकांस कमीपणाचे वाटले नाही.

आता शास्त्रातील तीन स्थळे उघडून पाहावी. पहिले मार्काच्या सातव्या अध्यायातील ‘कुर्बान’ ह्या शब्दाचे प्रकरण. त्या काळी कोणी पुत्र आपल्या आईबापांस म्हणे की, माझ्यापासून तुम्हांस ज्याचा लाभ झाला असता ते मी देवास वाहिले आहे. आणि असे म्हटल्यावर शास्त्री लोक त्यास आईबापांसाठी काहीएक करू देत नसत. प्रभूने ह्यावर कडक दोष ठेवला. त्याने अर्पणास दोष दिला नाही हे ध्यानात घ्यावे. ज्याचे देणे आधीच आपल्या शिरावर आहे त्यास चुकविण्यासाठी अर्पणाची ओट धरणे, ह्यास त्याने दोष दिला. दुसरे स्थळ त्याच शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील विधवेच्या दोन टोल्यांचे. देणगीच्या उपदेशात हे स्थळ इतके वापरले गेले आहे की, त्यातील एक साधी गोष्ट आमच्या नजरेतून सुटते: त्या विधवेने स्वतःचे दिले. दुसऱ्या कोणी तिच्या टोल्या तिला न विचारता भांडारात टाकल्या असत्या तर प्रभूने त्या मनुष्याची वाखाणणी केली असती काय? जो नवरा आपल्या पश्चात बायकोस उघडे टाकून सर्व देऊन जातो तो विधवेचा कित्ता गिरवीत नाही. तो एक नवी विधवा मात्र भांडारापाशी आणून उभी करतो.

तिसरे स्थळ प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या व सप्पीरा ह्यांचे. पेत्राने हनन्यास स्पष्ट सांगितले होते की, शेत विकण्यापूर्वी ते त्याचे होते व विकल्यावर पैसाही त्याच्याच अधिकारात होता; त्याचा अपराध खोटे बोलण्याचा, कमी देण्याचा नव्हे. म्हणून देणगीचे प्रमाण ठरविण्यास देणारा मोकळा आहे. हा पाठ एकदा स्त्रियांच्या वर्गात चालला असता एक म्हातारी बाई म्हणाली, “काही म्हणा, पण हनन्यानं बायकोला विचारलं तरी होतं.” सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

आता कायद्याकडे वळू. कारण चांगल्या मनाने केलेली देणगी कायद्याच्या अज्ञानाने पुष्कळदा वाया जाते. आमच्याकडे असा समज आहे की, फंडाच्या कागदावर ज्याचे नाव लिहिले त्याचे ते पैसे झाले. हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. १९५२ च्या योजनेचा नियम असा की, ज्या सभासदास कुटुंब आहे त्याने कुटुंबातील माणसाचेच नाव वारस-नोंदणीत घालावे. बाहेरचे नाव घातले तर ती नोंद रद्द समजली जाते. मग ते नाव मित्राचे असो, मंडळीचे असो की दवाखान्याचे असो. ज्यास कुटुंब नाही तो दुसऱ्या कोणा व्यक्तीचे नाव घालू शकतो, परंतु पुढे त्याचे लग्न झाले म्हणजे ती जुनी नोंद आपोआप निकामी होते. ग्रॅच्युइटीच्या १९७२ सालच्या कायद्यातही कुटुंबाविषयी असाच नियम घातलेला होता. दुसरी बाजू अशी की, नाव असले तरी त्या मनुष्यास मालकी मिळते असे नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका बँक कर्मचाऱ्याच्या फंडाचा वाद आला होता. त्याने लग्नापूर्वी आईचे नाव लिहिले होते. लग्न झाले, तो वारला, आणि सासू व सून समोरासमोर उभ्या राहिल्या. न्यायालयाने ठरविले की, नोंदलेला मनुष्य पैसे हाती घेणारा आहे; ते पैसे कोणाचे हे वारसा-कायद्याने ठरेल. लग्नानंतर तो कागद बदलण्यास पाच मिनिटे लागली असती. वाचकहो, तुमच्या घरातील कागदावर कोणाचे नाव आहे?

तर मग मरणानंतर ह्या शिलकेतून काही धर्मकार्यास द्यावयाचे असेल तर मार्ग कोणता? निवृत्तीनंतर रक्कम हाती घेऊन ती पोस्टात किंवा बँकेत ठेवावी, आणि मृत्युपत्र लिहावे. १९२५ चा भारतीय वारसा कायदा आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू आहे. त्याअन्वये मृत्युपत्र साध्या कागदावर लिहिता येते. स्टँपाची गरज नाही. नोंदणी केली तर बरे, पण ती सक्तीची नाही. लिहिणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि दोन साक्षीदारांनी साक्ष घालावी. उपदेशक बंधूंनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: जो मृत्युपत्रावर साक्ष घालतो त्यास, किंवा त्याच्या बायकोस वा नवऱ्यास, त्याच मृत्युपत्राने दिलेली वस्तू मिळत नाही. मृत्युपत्र रद्द होत नाही, ती देणगी मात्र रद्द होते. शिकलेला मनुष्य म्हणून खेड्यात साक्षीस प्रथम उपदेशकासच बोलावितात. तेव्हा कोणा म्हाताऱ्या बाईने आपल्या शेळ्या तुम्हांस ठेवल्या असतील तर लेखणी दुसऱ्याच्या हाती द्या. मृत्युपत्र नसेल तर विधवेस एक तृतीयांश व मुलांस दोन तृतीयांश असा वाटा पडतो, आणि धर्मकार्यास काहीही जात नाही. मरणाऱ्याने ते तोंडाने शंभर वेळा सांगितले असले तरी नाही.

ह्याच कायद्यात पूर्वी एक ११८ वे कलम होते, आणि त्याचा इतिहास आमच्या प्रत्येक मंडळीने जाणावा. ज्यास पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग आहे अशा ख्रिस्ती मनुष्याने धर्मकार्यास किंवा परोपकारास काही मृत्युपत्राने द्यावयाचे असेल, तर ते मृत्युपत्र मरणापूर्वी निदान बारा महिने केलेले असावे, आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारी सुरक्षित ठिकाणी ठेवलेले असावे, असे ते कलम होते. हिंदू व मुसलमान बंधूंस हे बंधन नव्हते; पारशांसही १९९१ साली त्यातून मोकळे केले गेले. ह्याचे मूळ इंग्लंडात १७३६ साली झालेल्या एका कायद्यात आहे: मरणाऱ्याच्या उशाशी बसून धर्मगुरूंनी जमिनी लिहून घेऊ नयेत म्हणून तेथे बारा महिन्यांची अट घातली गेली. इंग्लंडाने आपल्याकडील ती अट १९६० साली काढून टाकली, तरी आमच्याकडे ती राहिलीच. शेवटी केरळातील जॉन वल्लामट्टम ह्या धर्मगुरूंनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००३ च्या जुलै महिन्यात न्यायालयाने ते कलम समतेच्या तत्त्वास विरुद्ध म्हणून रद्द केले.

निकाल न्याय्य झाला ह्यात संशय नाही. एकाच देशातील एका समाजाच्या मनुष्याने मरणाच्या आदल्या दिवशी अनाथालयास दिलेले चालावे, आणि दुसऱ्याने दिलेले चालू नये, हे योग्य नव्हते. परंतु ज्या दुरुपयोगाच्या भयाने १७३६ साली ती अट घातली गेली तो दुरुपयोग न्यायालयाच्या निकालाने नाहीसा झाला नाही. कायद्याचे कुंपण गेले. आता पाळकाच्या मनाचे कुंपण तेवढे राहिले. आम्ही आपल्यापुरता असा नियम केला आहे की, आजाऱ्याच्या खाटेपाशी जाताना खिशात शास्त्र न्यावे, कोरा कागद नेऊ नये. कोणी तेथे देणगीची गोष्ट काढली तर घरची माणसे जवळ बोलावून घ्यावी, आणि बरे वाटल्यावर पुन्हा बोलू असे सांगावे. ह्या नियमाने एकदा आमच्या मंडळीच्या हातून मोठी रक्कम गेली. त्या बाईस बरे वाटले नाही आणि पुन्हा बोलणे झाले नाही. पंचांनी आम्हांस त्याबद्दल बोल लावला. आम्ही तो ऐकून घेतला, आणि नियम बदलला नाही.

येथे दुसऱ्या देशाची एक रीत सांगणे जरूर आहे, कारण आमच्या कित्येक कुटुंबांची मुले अमेरिकेत आहेत आणि तेथून पत्रे येतात की, निवृत्तीच्या खात्यातूनच दान द्यावे, तेच सर्वांत शहाणपणाचे. त्यांच्या देशात हे खरे आहे. तेथील निवृत्तीच्या खात्यांत बहुधा कर न भरलेला पैसा साठतो. वृद्धपणी तो काढला की त्यावर आयकर बसतो, आणि मुलांकडे गेला तर मुलांस तो भरावा लागतो. पण परोपकारी संस्थेस गेला तर संस्था कर भरीत नाही. म्हणून तेथील समंजस लोक घर मुलांस ठेवतात व निवृत्तीचे खाते संस्थेस लावून देतात. शिवाय २००६ च्या कायद्याने साडेसत्तर वर्षे पूर्ण झालेल्या मनुष्यास आपल्या हाती पैसा न घेता खात्यातून थेट संस्थेस पाठविण्याची मुभा दिली. प्रारंभी वर्षास १,००,००० डॉलर ही मर्यादा होती, २०२५ सालासाठी ती १,०८,००० होती. ती रक्कम त्याच्या उत्पन्नात धरीत नाहीत.

आमच्याकडे ही गोष्ट निराळी आहे. पाच वर्षे सलग नोकरी झालेल्या कामगाराचा फंड सामान्यतः करमुक्त हाती येतो. तेव्हा कर वाचविण्यासाठी घाईने दान करण्याचे कारण येथे उरत नाही. देणगीवर आयकरात जी सवलत असते ती नव्या करपद्धतीत मुळीच मिळत नाही. जुन्या पद्धतीतही २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास नाही, आणि एखाद्या ठराविक धर्मसमाजाच्याच हितासाठी असलेल्या संस्थेस दिल्यास बहुधा नाही. आमच्या बहुतेक वाचकांचे उत्पन्न कर भरण्याइतके नसतेच. त्यांनी ह्या सवलतीच्या जाहिरातीस भुलू नये. पावती मात्र अवश्य घ्यावी, आणि संस्था धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखाली नोंदलेली आहे किंवा नाही, तिचे हिशेब दरसाल तपासले जातात किंवा नाही, हे विचारावे. विचारल्याने ज्या संस्थेस राग येतो तीस देण्याची घाई करू नये.

आता त्या काकांच्या नऊ लाखांकडे येऊ. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो, आणि बाईंसही बसावयास सांगितले. मागीलदारी कोंबड्या ओरडत होत्या, व त्या दोनदा उठून गेल्या. तिसऱ्यांदा काकांनीच त्यांस हात धरून बसविले. आम्ही पाटी घेतली. साठ वर्षांवरील लोकांसाठी पोस्टात जी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे तिच्यात २०२५ साली शेकडा ८.२ व्याज होते. नऊ लाख ठेवले तर वर्षास ७३,८०० रुपये, म्हणजे महिन्यास ६,१५० पडतात. पाच लाख देऊन चार लाख ठेवले तर वर्षास ३२,८००, म्हणजे महिन्यास २,७३३. पेन्शन महिन्यास दोन हजारांहून थोडे अधिक. काकांस रक्तदाबाची गोळी रोज लागते, आणि बाईंच्या गुडघ्याची तपासणी तीन वर्षे राहून गेली आहे. हे आकडे पाहून काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे मी देऊच नये?”

तसे आम्ही म्हटले नाही. तमिळनाडूतील पालम कल्याणसुंदरम ह्या ग्रंथपालांची गोष्ट आम्ही त्यांस सांगितली. त्यांनी नोकरीतला पगार वर्षानुवर्षे गरिबांस दिला, निवृत्तीची रक्कमही दिली, आणि आपल्या पोटासाठी हॉटेलात काम केले. २०२३ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. पण ते अविवाहित राहिले. त्यांनी आपली भाकरी दिली; दुसऱ्या कोणाची भाकरी त्यात नव्हती. काकांचे तसे नव्हते.

देणगी आणि मृत्युपत्र ह्यांत एक मोठा भेद आहे, तो आम्ही समजावून सांगितला. दिलेली देणगी परत मागता येत नाही; मृत्युपत्र लिहिणारा जिवंत असेतो केव्हाही बदलू शकतो. ज्यास पुढे किती वर्षे व किती आजार आहेत हे ठाऊक नाही, त्याने मुद्दल मृत्युपत्राने द्यावे व व्याजातून जिवंतपणी द्यावे, हे आम्हांस अधिक बरे वाटते. एक लाखाचे व्याज वर्षास ८,२०० होते. ते दरसाल दवाखान्यास दिले तर वृद्ध मनुष्य स्वतः जाऊन देतो, कोणत्या खाटेवर कोण आहे ते पाहतो, आणि पैसा नीट खर्च होत नाही असे दिसले तर पुढच्या वर्षी हात आखडू शकतो. पाच लाखांचा एकदम धनादेश दिला म्हणजे एक शाल व एक फोटो मिळतो. (संगमरवरी पाटीवर नाव कोरून घेण्याची जी नवी हौस आमच्या मंडळ्यांत शिरली आहे तिच्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहू.)

बाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. आम्ही त्यांस विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यांची बहीण वाचली तेव्हा मीच तिच्या उशाशी अकरा रात्री होते. मला कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.”

त्यानंतरचे काम सोपे झाले. सर्व नऊ लाख पोस्टात दोघांच्या नावे जोडखात्यात गेले. दोघांनी आपापले मृत्युपत्र लिहिले: एकाच्या मागे सर्व दुसऱ्यास, दोघांच्याही मागे दोन लाख दवाखान्यास आणि बाकी दोन मुलांस सारखे. साक्षीस शेजारचे मराठी शाळेचे हेडमास्तर व दूधसंघाचे चिटणीस आले. त्या दोघांसही मृत्युपत्रात काही नव्हते. मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्यास ते वाचून दाखविण्यात आले. तो प्रथम थोडा रुसला, मग बहिणीशी फोनवर बोलला, आणि त्याने संदुकीची किल्ली आईकडे दिली.

जानेवारीत पहिले व्याज हाती आले. काका व बाई दोघे एसटीने दवाखान्यास गेली आणि दोन हजार पन्नास रुपये भरून आली. पावतीवर कारकुनाने एकट्या काकांचेच नाव लिहिले होते. काकांनी ती परत खिडकीतून आत सरकविली आणि दुसरे नाव घालून घेतले.